टोचनच्या गाडीत

टोचन लावून ओढत नेलेल्या गाडीत बसलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही. पुढच्या गाडीची पाठ दिसते आणि दोन्ही बाजूंनी मागे पळणाऱ्या बाभळी दिसतात. गेल्या उन्हाळ्यात लातूरहून चाकूरला मी अशीच गेले. बंद कारच्या स्टिअरिंगवर हात, पाय ब्रेकजवळ, आणि समोरच्या बसच्या पाठीवर माझाच चेहरा. दाराएवढा मोठा. डोळ्यातून एक अश्रू गालावर आलेला.

तो अश्रू माझा नव्हता. पेंटरनं मनानं काढला होता.

मी नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं दुसरं कुणी नाही, त्यामुळे काय लिहावं आणि काय मनात ठेवावं हे विचारायला घरात माणूस नाही. माझ्या रूममेटचं म्हणणं, असल्या गोष्टी विसराव्यात, त्यानं आपलंच मन खराब होतं. असेलही. पण मला ते विसरायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी त्या बसविषयी सांगायला हवं.

ती साधी बस नव्हती. तिच्यात पलंग होते, गॅस होता, हात धुवायला बेसिन होतं, खिडक्यांना पडदे होते. भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते आणि आमचं गाव औशाच्या बाजूला होतं. घर पडलं त्यानंतर बाहेरून डॉक्टर आले, त्यांत काही गोरे होते. ते या बसमध्ये राहायचे आणि शेजारच्या तंबूत पेशंट तपासायचे. आमचे लोक तिला घरबस म्हणायचे. ज्यांची घरं गेली होती ते सगळे त्या चाकांवरच्या घराकडे बघत बसायचे, हे मला अजून आठवतं.

माझा हात मोडला होता. धाकटी बहीण तान्ही होती. पाळण्यावर तुळई आडवी अडकली म्हणून ती वाचली. माय, म्हणजे आमची आई, भिंतीखालून जिवंत निघाली आणि थोडे दिवस जगली. पाऊस लागला आणि तंबू गळायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी आपल्या बसमधला खिडकीजवळचा पलंग तिला दिला. एका नर्सनं ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं. कपाळ, गाल, हनुवटीवरचं तीन ठिपक्यांचं गोंदण. माती निघाली तसा तो चेहरा हळूहळू वर आला. मायचा चेहरा मला आठवतो तो तेवढाच. त्याच्या आधीचा आठवायला गेले की तिथं कधी आत्या येते, कधी शेजारीण येते. पुसलेला चेहरा मात्र पक्का आहे.

आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही. लग्नातला एक होता, तो घराबरोबर गेला.

पुढे अण्णा आम्हाला घेऊन चाकूरला आत्याकडे आले. अण्णा म्हणजे आमचे वडील. ते काळी-पिवळी जीप चालवतात आणि बोलतात फार कमी. मायविषयी तर बोलतच नाहीत. त्यामुळे धाकटी सगळं मलाच विचारायची, "अक्का, माय कशी व्हती?" मी सांगायची. कपाळ रुंद. रंग सावळा, उन्हात रापलेला. पुढचा एक दात तिरपा. हनुवटीवर तीन ठिपके. हे तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की मी एखादी गोष्ट सोडली तर ती लगेच म्हणायची, "दात ऱ्हायला." मी सांगेन तेवढीच माय तिच्याकडे होती. दुसरीकडून कुठून मिळणारच नव्हती.

दहावीनंतर मी लातूरला आले. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. डाळ मिलच्या भिंती, विजेचे खांब, रिक्षांच्या पाठी, जिथं तिथं पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. एकाच मुलाचा फोटो तीन क्लासच्या पाटीवर असायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. मी ज्या क्लासला लागले तिथले सर फिजिक्स शिकवायचे. शिकवायचे चांगलं, ते नाकारणार नाही. पण पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या अर्जावर 'भूकंपग्रस्त' वाचलं आणि तेच माझं नाव झालं.

"ए भूकंप, बाकावर हळू बस. भिंत पडेल."

वर्ग हसायचा. शेवटी शेवटी मीही हसायला लागले होते. त्याची लाज मला आजही वाटते, आणि ती लाजसुद्धा मी त्यांच्याच खात्यात मांडते. पहिल्या चाचणीत मला कमी मार्क पडले. तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर वही मिटली आणि म्हणाले, "तू आर्ट्सला जा. तुझ्यामुळे माझा निकाल खाली येईल. तुमच्याकडे भूकंपग्रस्ताचं सर्टिफिकेट असतं ना, कुठंतरी चिकटशील." दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसली होती. मी वाचनालयात बसून मैत्रिणींच्या नोट्स उतरवून बारावी केली. इंजिनिअरिंगला नंबर लागला. नांदेडला आले. वाटलं, संपलं.

पहिल्या वर्षाच्या शेवटी लातूरची एक मुलगी मेसमध्ये म्हणाली, "तुझा फोटो बसच्या मागं काढलाय की! केवढा मोठा!" मला ती थट्टा वाटली.

सुट्टीत लातूरला उतरले ती थेट बघायलाच गेले. डाळ मिलच्या मागच्या मैदानात बस उभी होती. आधी मी पडदे ओळखले, मग खिडकी. डॉक्टर परत गेल्यावर ती बरीच वर्षं तिथंच पडून होती म्हणे. आता सरांनी ती घेतली होती. ॲडमिशनच्या दिवसांत ते ती घेऊन तालुक्या-तालुक्याला जायचे. बाजाराच्या मैदानात बस उभी करून आतच राहायचे. बस गावाच्या बोळांत शिरत नाही, म्हणून मागे लोखंडी दांड्यानं आपली कार जोडून न्यायचे. मुक्कामी पोचलं की कार सोडवायची आणि आजूबाजूच्या गावांत पालकांना भेटत फिरायचं. पंचक्रोशीत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. बस बघायला माणसं जमायची आणि जमली की सरांचं काम व्हायचं.

बसच्या पाठीवर एका बाजूला मी होते. माझ्यामागे पडलेलं घर. दुसऱ्या बाजूला गोल चौकटीत, झेंडूच्या हारात, एक बाई. गोरीपान. कानांवर कुरळ्या बटा, नाकात मोत्यांची नथ, डोळे कॅलेंडरवरच्या लक्ष्मीसारखे. खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भूकंपानं आई नेली, आम्ही आईची माया दिली.' आणि त्याखाली क्लासचं नाव.

पेंटर शिडीवर होता. शेवटच्या अक्षराला काळी किनार देत होता. सर खाली खुर्चीवर.

"सर, ही कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? तुझी आई."

"ही माझी माय नाही."

पेंटर वरूनच म्हणाला, "म्या फोटो मागिटला होता ताई. हे म्हणले, फोटो न्हाई. मग काढली आपली एक."

सर हसले. "अगं, आई म्हणजे आई. सगळ्यांच्या आया सारख्याच दिसतात."

मला पटकन बोलता येत नाही. शब्द येतात, पण वेळ गेल्यावर. तरी मी म्हणाले, "माझा राहू द्या सर. पण तेवढी बाई पुसा."

"ती पुसली तर राहिलं काय? नुसती तू? तुला बघून कोण ॲडमिशन घेणार?" ते अगदी सहज म्हणाले, रागावून नाही. वर म्हणाले, "गुरुवारी चाकूरला कार्यक्रम आहे. ये. सगळ्यांसमोर सत्कार करतो. वडलांना आण, लहान बहीण आहे ना, तिलाही आण. फोटो चांगला येईल."

मी "बरं" म्हणाले.

त्या रात्री मैत्रिणीच्या खोलीवर मी एकच विचार करत पडले होते. गुरुवारी ही बस चाकूरच्या मैदानात उभी राहणार. आमचं घर मैदानाच्या पलीकडे. धाकटी येणार, हारातली ती गोरी बाई बघणार, आणि तिला ती आवडणार. ही माझी खरी भीती होती. सावळी, तिरप्या दाताची, तोंडी सांगितलेली माय कुठं आणि ही रंगीत, नथ घातलेली बाई कुठं! दहा वर्षांची पोर कुणाला धरेल? शिवाय खुद्द सर माइकवरून सांगणार की हीच तुझी आई. म्हणजे बस चाकूरला पोचायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. काय, ते मला माहीत नव्हतं. सरांना मात्र काहीतरी झालं पाहिजे, हे पक्कं होतं.

गुरुवारी दुपारी मी मिलच्या मैदानात गेले तर तिथं वाद चालला होता. बस चालवायला एक चाचा होते, लातूरचेच, पिकलेली दाढी, कानात अत्तराचा बोळा. ते दांड्याची पिन ठोकून बसवत होते आणि सर भाच्याच्या नावानं ओरडत होते. भाचा लग्नाला गेला होता. एरवी मागच्या कारमध्ये तोच बसायचा.

आमच्याकडे टोचनच्या गाडीत माणूस बसवायचाच, अशी रीत आहे. दोर असेल तर ते बरोबर आहे. पुढची गाडी थांबली की मागच्यानं ब्रेक लावावा लागतो, नाहीतर धडक. इथं लोखंडी दांडा होता. चाचांचं म्हणणं, माणसाची गरज नाही, न्यूट्रल टाका, चावी फिरवून ठेवा, येते मागोमाग. सरांना ते पटत नव्हतं.

"रिकामी गाडी ओढत न्यायची? दांडा तुटला तर? कुणीतरी बसलंच पाहिजे."

"मग बसा तुम्ही," चाचा म्हणाले.

"मी? मागं?"

"मी बसते," मी म्हणाले. जीपचं स्टिअरिंग अण्णांनी मला शेतातल्या मोकळ्या रस्त्यावर शिकवलं होतं. सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांना कल्पना सुचलेली मला दिसली. "वा! मूळ मुलगी स्वतःच मागच्या गाडीत. गावात शिरताना खिडकीतून हात कर." एवढं बोलून ते बसमध्ये चढले. आत पंखा होता.

निघालो. बसच्या टपावर कर्णा होता आणि त्यातून सरांच्याच आवाजातली टेप फिरत होती. "पालकहो! भूकंपानं या लेकराची आई नेली. आम्ही तिला आईची माया दिली. आज ती इंजिनिअर होत आहे." मग सनई. मग पुन्हा तेच. ऊन मरणाचं होतं. कारच्या काचा खाली, तरी स्टिअरिंग हात लावू देईना. समोर मी आणि ती बाई, दोघी एका लयीत हलत होतो.

शहर संपलं तोवर मी ते किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. एका वेळी "आईची माया" आलं आणि माझा उजवा पाय ब्रेकवर गेला.

ठरवून गेला असं म्हणणार नाही. पण गेला तो बरा वाटला. दांडा कुरकुरला, बसला एक हिसका बसला. आत पलंगावर लवंडलेले सर नक्कीच हलले असणार. पुढच्या "माये"ला मी पुन्हा दाबला. मग दर वेळी. सनई आली की सोडायचा, माया आली की दाबायचा. हिसका, सनई, हिसका. त्या अर्ध्या तासाइतका आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता, हे लिहिताना जरा संकोच वाटतो, पण खरं आहे.

आष्टा मोडच्या फाट्यावर चाचांनी बस कडेला घेतली. रेडिएटरमध्ये पाणी टाकायचं होतं. सर समोरच्या हॉटेलात थंड प्यायला गेले. चाचा पाण्याचा डबा घेऊन माझ्या खिडकीशी आले, कारच्या पुढच्या चाकाजवळ वाकून तापलेल्या ब्रेकचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बेटी, तेरा पाँव ब्रेकपेच रहता क्या?"

मी पाय मागे घेतला.

"दांडे में से सब मालूम पडता. मैं तीस बरस से गाडी चलातूं." मग मराठीत आले. "कोन हाय ती बाई? तुझी अम्मा न्हाई ना ती?"

"न्हाई चाचा. पेंटरनं मनानं काढली. चाकूरला माझी बहीण हाय. तिनं माय पाहिलेली न्हाई. हिलाच माय समजंल."

चाचांनी बसच्या पाठीकडे पाहिलं. "इस गाडी में तीन पलंग हैं," ते म्हणाले. "मुझे बोलते, चाचा, तुम नीचे सतरंजी डालके सो. पलंग को तेल का वास लगता." हॉटेलकडे बघून ते थुंकले. "सुन. आधा-आधा मत दबा. उससे इंजन को दुखता, और इंजन ने तेरा क्या बिगाडा? दबाना है तो एक बार दबा. चाकूर के पहले चढ है ना, वहाँ. रेडिएटर तो वैसेच जानेवाला है. मैंने सर को चार बार बोला, नया डालो."

"तुमच्यावर येईल चाचा."

"मेरे पे तो रोज आता."

पुढचा रस्ता मी पाय वर ठेवून गेले. टेप चालू होती, पण आता मला घाई नव्हती.

चढ आला. चाकूरची पाण्याची टाकी वरून डोकावायला लागली. बस दुसऱ्या गिअरला आली, मग पहिल्या. तेवढ्यात कर्ण्यातून सर म्हणाले, "पालकहो!" आणि मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. हँडब्रेकही ओढला. बस जागेवर कण्हली. पुढून पांढऱ्या वाफेचा ढग उठला आणि इंजिन बंद पडलं. कर्णा बॅटरीवर होता. तो चालूच राहिला.

सर उतरले. चाचांवर ओरडले, बॉनेटभोवती फिरले, घड्याळ बघितलं. मैदानात पालक जमलेले असणार. "जाऊ द्या, कार सोडवा. मी कारनं पुढं जातो. तुम्ही बस आणा मागून."

चाचांनी पिनेला हात घातला. "नहीं निकलती. ताण बसलाय. कार वीतभर पुढं ढकलली तर निघंल."

रस्त्यानं चाललेले चार-पाच जण, एक उसाचा रसवाला, सगळे कारला मागून रेटायला लागले. कार हलेना. सर माझ्या खिडकीशी आले.

"ब्रेकवरचा पाय काढ."

"नाही सर."

त्यांना नीट ऐकू गेलं नाही असं वाटलं. "अगं, ब्रेक सोड. ढकलतायत ते."

"आधी ती बाई पुसा."

एवढंच मला बोलता आलं. पण पायाला बोलावं लागत नाही. तो नुसता दाबून ठेवायचा असतो, आणि ते मला जमत होतं. मी सगळ्या काचा वर केल्या, दारं आतून लावली. काचेबाहेर सर काहीतरी बोलत होते, तोंड हलताना दिसत होतं आणि आवाज कर्ण्यातून येत होता, आईची माया, आईची माया. "चाचा, ते बंद करा!" एवढं मात्र मला ऐकू आलं. चाचांचं उत्तरही आलं, "बटन अटक गया, सर."

तोवर रस्त्यावर जत्रा झाली. जाणाऱ्या जीपा थांबल्या. त्यात एक अण्णांची होती. माणसांनी भरलेली, टपावर पोती. अण्णा उतरले, मला आत बसलेली पाहिलं, मग मान वर करून बसच्या पाठीकडे पाहिलं. मी काच जराशी खाली केली.

"हे तू हायस," ते म्हणाले. "अन् ही बाई कोन?"

सर पुढे झाले, हात जोडले. "नमस्कार. तुम्ही वडील ना? या तुमच्या... म्हणजे, स्वर्गीय..."

"माझी?" अण्णा म्हणाले.

त्यांनी ते इतकं साधेपणानं विचारलं की गर्दीतली एक म्हातारी "अगं माय!" म्हणाली आणि मागे कुणीतरी फस्सकन हसलं. सरांचं तोंड त्या वेळी जे झालं ते मी आजही हवं तेव्हा समोर आणते. अभ्यासाचा कंटाळा आला की आणते.

"मुलीला सांगा जरा," सर म्हणाले. "कार्यक्रम खोळंबलाय. पालक थांबलेत."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनती ती?"

"ती बाई पुसा म्हणते," रसवाला म्हणाला.

"मग पुसा की," अण्णा म्हणाले, आणि जीपच्या बॉनेटला टेकून उभे राहिले.

चाचांनी बसमधून पेंटरची राहिलेली थिनरची बाटली आणि इंजिन पुसायचं फडकं आणलं. ते सरांच्या पुढे धरलं, स्वतः पुसायला गेले नाहीत. सरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा अण्णांकडे पाहिलं. मग पांढऱ्या सफारीच्या बाह्या वर करून ते दांड्यावर चढले. मागे मी होते, काचेआड, पाय ब्रेकवर. ते मला इतके जवळ होते की त्यांच्या बुटाची टाच दिसत होती.

आधी नथ गेली. मग डोळे लांबट होऊन गालावर आले. कुंकू पसरलं तसं अर्धं तोंड लाल झालं. सर फडकं फिरवत होते, रंग त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत होता, सफारीवर ठिपके पडत होते आणि खालची 'आई नेली'ची ओळही त्या ओघळात मिटत होती. गर्दीला आता गोडी लागली होती.

"मास्तर, वरच्या कोपऱ्यात केस ऱ्हायले!"

"हात चांगला हाय की वो, पेंटरकी करा!"

"आईची माया दिली!" कर्णा ओरडला, आणि आख्खा चढ हसला.

एका वेळी मला त्या ओल्या फडक्याकडे बघून नर्सचं फडकं आठवलं. तिनं पुसलं तेव्हा खालून चेहरा आला होता. इथं खालून नुसता बसचा निळा पत्रा आला. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी बघत राहिले. सर दमले होते, धापा टाकत होते, आणि मला वाटत होतं, अजून पुसा.

शेवटी ते वळले आणि काचेतून माझ्याकडे पाहून म्हणाले, "झालं?"

"माझ्या गालावरचं पाणी," मी काच खाली करून म्हणाले.

त्यांनी तेही पुसलं. गालाला जरा डाग पडला, पण अश्रू गेला.

मी पाय उचलला. मांडीत गोळा आला होता. हँडब्रेक सोडला, लोकांनी रेटा दिला, कार वीतभर पुढे सरकली आणि पिन निघाली. मी उतरले. सर त्याच कपड्यांत, कोपरापर्यंत लाल हातांनी कारमध्ये बसून मैदानाकडे गेले. तिथं त्यांनी पालकांना काय सांगितलं कोण जाणे. हातांना काय झालं म्हणून कुणीतरी विचारलंच असेल, अशी मला आशा आहे. सत्काराला मी गेले नाही. अण्णांनी मला जीपमध्ये पुढे बसवलं. उतरताना फक्त म्हणाले, "मायला गोंदण व्हतं. तीन ठिपके." मायविषयी त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलंच वाक्य.

संध्याकाळी बस कशीबशी मैदानात आली. धाकटी मैत्रिणींबरोबर बघून आली आणि मला म्हणाली, "अक्का, तुजा फोटो हाय. अन् बाजूला हार हाय, त्यात कोनच न्हाई. कोन व्हतं?"

"कोणीच नव्हतं," मी म्हणाले.

"मग हार कुणाला घाटला?"

मी म्हणाले, "मास्तरांना विचार." ती खरंच विचारायला निघाली होती. मी अडवलं नाही. आत्यानं अडवलं.

त्या वर्षी सर ती बस घेऊन बाकीच्या तालुक्यांत गेले. रंगवायला वेळ नव्हता, ॲडमिशनचे दिवस होते. चाचा पुढे दुसरीकडे लागले, डाळीच्या ट्रकवर. मला एकदा नांदेडच्या बसस्टँडवर भेटले. म्हणाले, हारातली रिकामी जागा बघून बायका दुरूनच पोरांना मागं ओढायच्या. क्लासच्या गाडीवर मेलेल्याचा हार, आणि आत माणूस नाही. पुढं कुणाची पाळी, म्हणायच्या. उदगीरला तर एका पालकानं गाडीकडे बघून नारळ फोडला म्हणे. हे सांगताना चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना चहा पाजला.

मागच्या महिन्यात विष्णुपुरीच्या रस्त्यावर ती बस पुन्हा दिसली. नांदेडलाही सरांनी शाखा काढायचं ठरवलंय, असं कळलं. मागे कार होती, कारमध्ये कुणीतरी पोरगा बसला होता. पाठीवर आता नवा फोटो होता, चष्मा घातलेल्या मुलाचा. पण बाजूला, नव्या निळ्या रंगाखालून, त्या हाराचा पिवळा गोल अजून उमटत होता. मी रस्त्याच्या कडेला थांबले आणि ती पूर्ण जाऊ दिली. ती वळणावर हळू झाली, तेव्हा चपलेतला माझा उजवा पाय खाली दाबलेला होता.